कमरेच्या हाडातली गाठ आणि पाय वाचवणारी शस्त्रक्रिया: मापाचा खुबा कसा बनतो, कसा बसतो, कुठे फसतो

कमरेच्या हाडात गाठ निघाली आणि ती कर्करोगाची ठरली, की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो: पाय ठेवता येईल का? पूर्वी बहुतेकांना नाही हेच उत्तर मिळायचं. कमरेच्या अर्ध्या हाडासकट पाय काढावा लागायचा. आता पुष्कळ रुग्णांचं आतलं हाड काढून पाय ठेवता येतो, आणि काढलेल्या हाडाच्या जागी त्याच माणसाच्या मापाचा, थ्रीडी प्रिंटरवर तयार झालेला टायटॅनियमचा खुबा बसवता येतो. बातम्यांत फोटो येतो तो या धातूच्या भागाचा. खरं सांगायचं तर पाय वाचतो तो गाठ भोवतालच्या निरोगी थरासकट, न फुटता, पूर्ण निघाल्यामुळे. धातू त्यानंतरची गोष्ट. गाठ तशी निघेल की नाही हे मात्र पुष्कळदा पहिल्या महिन्या-दीड महिन्यात ठरून जातं. पहिला एक्स-रे कशाचा काढला, तपासणीसाठी गाठीचा तुकडा (बायॉप्सी) कुणी आणि कुठून घेतला, पहिल्या एमआरआयची सीडी जपली की हरवली, यावर ते अवलंबून असतं. म्हणून इथे सुरुवात तिथूनच केली आहे.

गुडघा दुखतो, दुखणं खुब्यात

खुब्याच्या सांध्याकडे जाणाऱ्या नसेच्या फांद्या गुडघ्याकडेही जातात. त्यामुळे खुब्यात काही बिघडलं तर पुष्कळ पोरं हात गुडघ्यावर ठेवतात. तालुक्याला गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो साफ असतो, गोळ्या मिळतात आणि दोन महिने जातात. गुडघा दुखतो पण गुडघ्यात काही सापडत नाही, अशा वेळी दोन्ही खुबे एकाच फिल्मवर येतील असा कमरेचा एक्स-रे काढायलाच हवा. तोही साफ दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. कमरेच्या हाडाच्या पात्यावर आतड्यातल्या वायूची सावली पडते आणि तिच्याआड चांगली मोठी गाठ लपू शकते. रात्री झोपेतून उठवणारं, विश्रांतीने न थांबणारं, आठवड्यागणिक वाढणारं दुखणं असेल, जांघेत किंवा पुठ्ठ्यावर फुगवटा असेल, तर एमआरआय लागतो.

विदर्भात यात एक जास्तीचा गुंता आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि मेळघाटच्या पट्ट्यात सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलमध्ये खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा तुटून गोळा खचत जातो. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. खुब्याचा क्षयरोगही आपल्याकडे दिसतो. त्यामुळे तरुण माणसाचा खुबा दुखला तर कर्करोग हे सगळ्यात कमी वेळा निघणारं कारण आहे, घाबरून जायचं कारण नाही. भीती उलट बाजूने आहे. इविंग सारकोमा नावाच्या हाडाच्या कर्करोगाच्या गाठीत ताप येतो, रक्तातला ईएसआर (आतली सूज दाखवणारा आकडा) वाढतो, आणि हाडात पू झाला किंवा टीबी झाला असं समजून उपचार सुरू होतात. क्षयरोगाची औषधं तुकडा न तपासता, नुसत्या अंदाजाने सुरू झाली आणि सहा-आठ आठवड्यांत उतार नाही, तर तिथेच थांबून पुन्हा विचार व्हायला हवा.

या काळात त्या जागी मालीश, शेक, चटके, हाडवैद्याची ओढाताण, सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन यांतलं काहीही नको. गाठीने पोखरलेलं हाड ओढण्याने मोडतं. मोडलं की गाठीतलं रक्त आणि पेशी आजूबाजूच्या स्नायूंत पसरतात, आणि जे हाड नीट कापून काढता आलं असतं त्याच्याभोवतीचा सगळा परिसरच संशयात येतो.

तुकडा घेण्याची वाट

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. हाडातून तुकडा काढायला जाड पोकळ सुई वापरतात. ती गाठीतून बाहेर येते तेव्हा तिच्या वाटेवर तिफणीतून बी पडावं तशा पेशी पडत जातात. ही गोष्ट टाळता येत नाही, म्हणून नियम असा की सुईची सगळी वाट, कातडीवरच्या छिद्रापासून गाठीपर्यंत, पुढच्या शस्त्रक्रियेत गाठीबरोबर कापून काढायची. म्हणजे सुई अशा जागेतून घालायची की पुढे चीर तिथूनच जाईल. ती चीर कुठे जाईल हे ठाऊक असतं पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच. म्हणून तुकडा त्यानेच घ्यावा, किंवा त्याच्याशी बोलून, त्याने दाखवलेल्या जागेतून घेतला जावा.

चुकीचं उदाहरण नेहमी दिसतं ते पुठ्ठ्याचं. गाठ मागून हाताला लागते म्हणून पुठ्ठ्याच्या मधोमध चीर देऊन तुकडा घेतला जातो. पुठ्ठ्याचा तो मोठा स्नायू पुढे जखम झाकायला हवा असतो. तो दूषित झाला की एक तर तो काढावा लागतो आणि जखम बंद व्हायला मांस उरत नाही, किंवा तो ठेवावा लागतो आणि गाठ परत येण्याची टांगती तलवार राहते. कधी कधी ज्याचा पाय वाचला असता त्याचा पाय केवळ यामुळे जातो.

तुकडा घेण्याआधी एमआरआय झालेला असावा. नंतर केला तर तुकडा घेतल्याची सूज आणि रक्त गाठीसारखंच दिसतं. सुईने एकाच वाटेतून तीन-चार तुकडे घेतात. त्यातला एखादा फॉर्मालिनमध्ये न टाकता, सलाइनमध्ये, जंतू आणि क्षयरोगाच्या तपासणीसाठी पाठवायला सांगा. फॉर्मालिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून जंतू वाढवता येत नाहीत, मग पुन्हा सुई टोचावी लागते. अहवाल आला की कागदावर थांबू नका. मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड प्रयोगशाळेकडून मागून घ्या, कारण मोठ्या केंद्रातले तज्ज्ञ त्या स्वतः पाहिल्याशिवाय उपचार ठरवत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात हे ब्लॉक गाडीच्या काचेपाशी ठेवू नयेत; मेण मऊ पडतं. स्लाइड टिश्यूत गुंडाळून कडक डब्यात ठेवाव्यात.

हाड कुठलं जातं त्यावर सगळं अवलंबून

कमरेचं हाड म्हणजे एक बंद कडं आहे. मागे माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी, दोन्ही बाजूंना रुंद पाती, पुढे जांघेच्या मधोमध जुळणाऱ्या दोन कमानी, आणि दोन्ही बाजूंना खुब्याची वाटी, जिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा फिरतो. उभं राहिलो की धडाचं वजन मणक्यातून त्रिकास्थीत, तिथून पात्याच्या मागच्या जाड भागातून वाटीत आणि वाटीतून मांडीत उतरतं.

१९७८ साली एनेकिंग आणि डनहॅम यांनी या हाडाचे काढण्याच्या दृष्टीने भाग पाडले, ते आजही वापरात आहेत. पहिला भाग म्हणजे पातं, दुसरा वाटी, तिसरा पुढची कमान, चौथा त्रिकास्थी. अहवालात पी-१, पी-२ असं लिहिलेलं दिसेल ते हेच. नुसती पुढची कमान काढली तर तिथे काही बसवावं लागत नाही, कारण वजन तिथून जात नाही. फक्त पोटातले अवयव खाली सरकू नयेत म्हणून जाळी शिवतात. पात्याचा थोडा भाग गेला तरी पुष्कळदा तसंच भागतं. दुसरा भाग, म्हणजे वाटी गेली, की पाय धडाला जोडायला हाडच राहत नाही. मापाच्या खुब्याचा प्रश्न येतो तो इथे.

पाय ठेवायचा की नाही हे ठरवताना सर्जन तीन गोष्टी पाहतात: पायाच्या मागून जाणारी मोठी सायटिक नस, जांघेतली रक्तवाहिनी आणि नस यांची जुडी, आणि खुब्याचा सांधा. यातली एक गेली तरी पाय उपयोगाचा राहतो. सायटिक नस गेली तर पाऊल खाली लोंबतं आणि तळवा बधिर होतो, पण पट्टी लावून चालता येतं. जांघेतली नस गेली तर गुडघा ताठ धरता येत नाही, त्यालाही पट्टा आहे. तिन्हींपैकी दोन जात असतील तर उरलेला पाय नुसता भार होतो. अशा वेळी पाय काढण्याचा सल्ला देणारा डॉक्टर हात टेकत नसतो, तो जीव वाचवत असतो.

वाटी गेल्यावरचे मार्ग

मापाचा खुबा हा एकच मार्ग आहे असं समजू नये. सगळ्यात साधा मार्ग म्हणजे काहीच न बसवता मांडीच्या हाडाचा गोळा मजबूत जाळीच्या नळीत घेऊन वर उरलेल्या हाडाला बांधून टाकायचा. पाय काही सेंटीमीटरने आखूड होतो, लंगडत चालावं लागतं, बुटाच्या तळाला उंची द्यावी लागते. पण आत धातू नाही, म्हणून जंतुसंसर्गाची धास्ती खूप कमी. दुसरा मार्ग, काढलेलं हाडच गाठ खरवडून ५० ग्रे इतका किरणांचा एकच मोठा डोस देऊन परत बसवायचं. हाड मुळातच मोडकं-पोखरलेलं नसेल तर हा मार्ग स्वस्त आहे आणि भारतात बराच वापरला जातो. तिसरा, उरलेल्या पात्यात लांब दांडा ठोकून त्यावर वाटी बसवायची. हा तयार मिळतो, थांबावं लागत नाही. आणि चौथा, मापाचा खुबा.

चौथा चांगला कुणाला? ज्याची गाठ स्वच्छ कडेने काढता येते, ज्याच्याकडे जखम झाकायला पुरेसा स्नायू उरणार आहे, ज्याला त्या जागी किरणोपचाराचा मोठा डोस मिळालेला नाही, आणि जो पुढची वर्षं तपासणीला येऊ शकतो. दहा वर्षांखालच्या मुलाला हाड वाढत असताना मापाचा धातू घालणं आम्हाला सहसा पटत नाही. स्तन, थायरॉइड, मूत्रपिंड अशा ठिकाणचा कर्करोग पसरून खुब्यात आला असेल तर आठवडेच्या आठवडे थांबून मापाचा भाग बनवण्यात बहुधा अर्थ नसतो. पिना आणि हाडाचं सिमेंट वापरून लवकर उभं करणं बरं.

गाठीशिवायही हा भाग लागतो. सिकलसेलने किंवा अपघाताने खराब झालेल्या खुब्याचं रोपण झालं, ते सैल झालं, पुन्हा केलं, पुन्हा सैल झालं, असं होता होता वाटीच्या भोवतालचं हाड झिजून कमरेचं कडं वर-खाली दोन तुकड्यांत तुटतं. तिथे तीन पाकळ्यांची मापाची वाटी बसवतात. एक पाकळी पात्यावर, एक बैठकीच्या हाडावर, एक पुढच्या कमानीवर.

मापाचा खुबा बनतो कसा

पहिली पायरी सीटी स्कॅन. काप १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवेत. कंबरेच्या खालच्या मणक्यांपासून मांडीच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजू एकत्र, मशीन तिरकं न करता. रुग्ण हलला तर स्कॅन पुन्हा. आणि जवळ ठेवायची ती डायकॉम स्वरूपातली मूळ माहिती, सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर. काळी फिल्म किंवा मोबाइलवर काढलेला तिचा फोटो इंजिनिअरच्या काही कामाचा नाही. घरी निघण्यापूर्वी सेंटरवरच ती सीडी कॉम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा. रिकामी सीडी घेऊन नागपूर-मुंबई गाठल्यावर सगळं पुन्हा करावं लागतं.

सीटीवर हाड दिसतं, गाठीचा पसारा दिसतो एमआरआयवर. दोन्ही एकमेकांवर बसवून गाठीची कड आखतात आणि तिच्या पलीकडे साधारण १ ते २ सेंटीमीटर सोडून कापण्याची रेघ ठरवतात. किमोनंतर गाठ आकसते, पण आकसण्यापूर्वी ती हाडात कुठवर पसरली होती हे लक्षात घ्यावं लागतं. त्यासाठी किमोच्या आधीचा एमआरआय लागतो. ती पहिली सीडी म्हणूनच सगळ्यात मोलाची.

मग इंजिनिअर निरोगी बाजूचं हाड आरशातल्यासारखं उलटवून बिघडलेल्या बाजूवर ठेवतो आणि मूळ आकार मिळवतो. या आकाराची हुबेहूब नक्कल करत नाहीत, गरज नाही. वजन जिथून जातं तेवढा भाग ठेवतात, बाकीचा कमी करतात, म्हणजे धातू कमी आणि वरून स्नायू शिवायला जागा जास्त. वाटीचा कोन ठरतो, साधारण ४० ते ४५ अंश बाहेर कललेली आणि १५ ते २० अंश पुढे वळलेली. स्क्रूंची दिशा आणि लांबी एकेक करून ठरते, कारण त्रिकास्थीत स्क्रू थोडा जरी चुकला तरी पायाच्या नसांना लागतो. हा आराखडा सर्जन आणि इंजिनिअर दोघांनी मिळून दोन-तीनदा तरी बदलतात. सर्जनने पहिलाच आराखडा मान्य केला तर आम्हाला काळजी वाटते.

छपाई टायटॅनियमच्या भुकटीपासून होते. या मिश्रधातूत सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. भुकटीचा केसाइतका पातळ थर पसरायचा, लेझर किंवा इलेक्ट्रॉनच्या झोताने हवा तेवढाच वितळवायचा, वर दुसरा थर. असे शेकडो-हजारो थर. धातू जिथे रुग्णाच्या हाडाला टेकतो तिथे काही शे मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरहून लहान, छिद्रं असलेली जाळी ठेवतात, म्हणजे हाड आत वाढत जातं आणि पकड पक्की होते. जिथे आतडी, रक्तवाहिन्या, नसा लागतात तिथे पृष्ठभाग गुळगुळीत. छापून झाल्यावर उष्णता देऊन धातूतला ताण काढतात, अडकलेली भुकटी झटकतात, मापं तपासतात.

धातूच्या भागाइतकंच महत्त्व कापण्याच्या साच्याला आहे. हा नायलॉनचा असतो, हाडाच्या एकाच जागी घट्ट बसतो, आणि त्यातल्या फटीतूनच करवत चालते. याची गरज का? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार अनुभवी सर्जनना प्लास्टिकच्या कमरेच्या हाडावर, गाठीपासून १० मिमी अंतर राखून नुसत्या हाताने काप घ्यायला सांगितलं होतं. ५ मिमी इकडे-तिकडे चालेल अशी सूट देऊनही अचूक अंतर साधण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के निघाली. आणि ते रक्त, चरबी, स्नायू काही नसलेलं कोरडं प्लास्टिक होतं. आता असं बघा: मापाचा धातू एका ठरावीक कापालाच बसतो. काप ५ मिमी चुकला तर एका बाजूला फट राहते, स्क्रूंची दिशा फिरते, किंवा गाठीला धक्का लागतो. साचा नसताना मापाचा भाग मागवण्यात शहाणपण नाही.

आराखड्यापासून भाग हाती येईपर्यंत तीन ते सहा आठवडे जातात. इविंग सारकोमात हा वेळ किमोमध्येच निघतो, कारण शस्त्रक्रिया साधारण १२ आठवड्यांच्या किमोनंतर होते. स्कॅन त्याच्या तेवढे आठवडे आधी करून भाग तोवर तयार ठेवता येतो. कॉन्ड्रोसारकोमा, म्हणजे कुर्चेची गाठ, किमोला दाद देत नाही. ती सौम्य प्रकारची असेल तर महिनाभर थांबणं परवडतं, आक्रमक असेल तर परवडत नाही. भाग येईपर्यंत गाठ ठरवलेल्या रेघेपलीकडे गेली तर तो महागडा भाग बाजूला ठेवायचा आणि साधा मार्ग घ्यायचा. ही तयारी टीमने आधीच ठेवली आहे का, हे नातेवाइकांनी विचारायला हरकत नाही. तरुण मुलांच्या बाबतीत किमो सुरू होण्यापूर्वी वीर्य साठवून ठेवण्याबद्दलही विचारावं. नंतर ते राहून जातं.

शस्त्रक्रियेचा दिवस

सहा ते बारा तासांचं काम. दोन-तीन लिटर रक्त जाणं नवलाचं नाही, म्हणून सहा ते दहा पिशव्या रक्ताची सोय लागते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर दाते महिनाभर आधीपासून शोधा. विदर्भातल्या प्रत्येक रुग्णाची सिकलसेलची चाचणी, नुसती सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी नव्हे तर निदान पक्कं करणारी इलेक्ट्रोफोरेसिसही, भूल देण्यापूर्वी झालेली असावी. सिकलसेलचा रुग्ण थंडीत, पाणी कमी पडून किंवा ऑक्सिजन कमी पडून संकटात जातो, आणि अशा रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी रक्त देऊन तयार करावं लागतं.

चीर जांघेपासून पात्याच्या काठाने मागे जाते. आधी रक्तवाहिन्या, नसा, मूत्राची नळी, मूत्राशय बाजूला घेऊन सुरक्षित करतात. यातच निम्मा वेळ जातो. मग साचे पिनांनी बसवून काप: एक वर पात्यात, एक पुढच्या कमानीत, एक बैठकीच्या हाडात. गाठ सांध्यात शिरली असेल तर सांधा न उघडता मांडीच्या गोळ्यासकट काढतात. निघालेल्या हाडाच्या कडा तपासतात. मग आधी प्लास्टिकचा नमुना बसवून पाहतात, नंतर धातू. पहिले स्क्रू त्रिकास्थीकडे जाणारे, कारण सगळं वजन त्यांच्यावर येणार असतं. वाटीत सांधा सहजी निखळू नये असा दुहेरी फिरणारा गोळा बसवतात, मांडीत दांडा, आणि शेवटी जाळी लावून कापलेले स्नायू तिला शिवतात. या शेवटच्या शिलाईत घाई झाली तर उत्तम बसलेला खुबाही पुढे निखळतो.

काय बिघडतं

जंतुसंसर्ग पहिला आणि सगळ्यात वाईट. मोठ्या केंद्रांतही पाच-सहा रुग्णांमागे एखाद्याला होतो, काही ठिकाणी त्याहून जास्त. कारणं उघड आहेत: मोठी पोकळी, मोठा धातू, लांब शस्त्रक्रिया, किमोने कमी झालेल्या पांढऱ्या पेशी, गुदद्वाराजवळची जखम. धातूवर जंतूंचा चिकट थर बसला की गोळ्या-इंजेक्शनं तिथवर पोचत नाहीत. जखम आठवड्यानंतरही ओली राहिली, पट्टी पिवळी-लाल भिजली, ताप आला, कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर त्याच दिवशी पट्टीचा आणि जखमेचा फोटो शस्त्रक्रिया केलेल्या टीमला पाठवा. पहिल्या काही दिवसांत जखम उघडून धुतली तर धातू वाचू शकतो. गावातल्या दवाखान्यात अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स घेतला की ताप दबतो, जंतू कुठला हे कळण्याची संधी जाते, आणि महिन्याने धातूच काढावा लागतो. इविंगच्या रुग्णाचं नुकसान दुप्पट: जखम भरेपर्यंत पुढची किमो थांबते, आणि थांबलेली किमो रोगाला मोकळीक देते. म्हणून ज्याची किमो बाकी आहे त्याच्यासाठी, मापाचा भाग वेळेत तयार होत असला तरी, पुष्कळदा धातू नसलेला साधा मार्ग बरा असं आम्हाला वाटतं.

सांधा निखळणं दुसरं. खाली वाकताना, उकिडवं बसताना, कुशीवर वळताना खटकन आवाज, असह्य कळ, पाय आखूड आणि एका बाजूला वळलेला. कुणालाही ओढू देऊ नका. पायांमध्ये उशी ठेवून, पाय आहे तसा ठेवून १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप, म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते. ती टाळायला सुमारे चार आठवडे पोटाच्या कातडीत इंजेक्शनं देतात. ती २५ अंशांखाली ठेवायची असतात आणि गोठू द्यायची नसतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या किंवा कवेलूच्या घरात ते जमत नाही, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवून रोज तिथेच घेण्याची सोय आशाताईंमार्फत करा.

गावातलं घर, वावर आणि नवा खुबा

साधारण सहा ते बारा आठवडे त्या पायावर नुसतं बोट टेकवून, वॉकरच्या आधाराने चालायचं. किती वजन कधी टाकायचं हे एक्स-रे पाहून टीम सांगते. खुबा ९० अंशांपेक्षा जास्त मुडपायचा नाही, मांडी मधल्या रेषेपलीकडे न्यायची नाही. याचा घरातला अर्थ असा: जमिनीवर जेवायला बसणं बंद, मांडी घालणं बंद, देशी संडासात उकिडवं बसणं बंद. संडासावर ठेवायची मधे छिद्र असलेली खुर्ची घ्या, बैठक ४५ ते ५० सेंटीमीटर उंच. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहिले पाहिजेत, हीच मोजपट्टी. सुतळीच्या खाटेला झोळ पडतो आणि त्यात खुबा आपोआप मुडपतो. लाकडी दिवाण किंवा खाटेवर सपाट फळी टाका, पायांखाली विटा घालून उंची वाढवा. झोपताना पायांमध्ये उशी.

सारवलेली ओली जमीन, उंबरठा, अंगणातली खडी, या तिन्ही ठिकाणी वॉकर घसरतो. त्याचे रबरी बूच खडीवर लवकर झिजतात, दोन जोड जास्तीचे आणून ठेवा. मागे पट्टा असलेली सँडल घाला, नुसती चप्पल नको. पाऊल लोंबत असेल तर पट्टी रोज, आणि बधिर तळव्याला जखम झाली का हे रोज संध्याकाळी उजेडात पाहायचं. काटा रुतलेला कळत नाही. मोटारसायकलवर मागे बसून जाणं आणि बंडीतून हादरे खात जाणं पहिले तीन महिने टाळा.

कामाचं काय, हा प्रश्न सरळ विचारला जातो आणि सरळ उत्तर द्यायला हवं. निंदण, मोहफूल वेचणं, धानाची रोवणी, वाकून किंवा बसून होणारी ही कामं या खुब्याने पुढे करायची नाहीत. कापसाची वेचणी उभ्याने होते, पण धुऱ्याच्या चढउतारावरून ओझं घेऊन चालणं नको. दुकान, शिलाई मशीन, शाळा-कॉलेज, देखरेखीचं काम जमतं. वाटी काढलेल्या रुग्णाचं चालणं-वागणं ३० पैकी गुण देऊन मोजतात. बहुतेकजण निम्मे ते दोन-तृतीयांश गुणांपर्यंत पोचतात. म्हणजे काठी घेऊन, थोडं लंगडत, पण स्वतःच्या पायावर. शस्त्रक्रियेपूर्वीच हे रुग्णाला आणि त्याच्या माणसांना नीट कळलेलं असावं.

पुढची सगळी वर्षं त्या बाजूच्या पुठ्ठ्यात इंजेक्शन घ्यायचं नाही. दाताचा पू, अंगावरचं गळू, लघवीची जळजळ अंगावर काढायची नाही. रक्तातून जंतू धातूपर्यंत जातात.

पैसा, कागद, प्रवास

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. शस्त्रक्रिया आणि किमो त्यात बसतात, मापाचा भाग बसेलच असं नाही. तारीख ठरण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) पॅकेज आणि रक्कम लिहून घ्या. उरलेल्या रकमेसाठी मुख्यमंत्री सहायता निधी आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत धर्मादाय संस्था असा अर्ज होतो; हे अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून भाग बनवायला देण्याआधीच टाका. भाग छापून झाल्यावर पैशासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलली तर गाठ वाढते आणि तो भागच बसेनासा होतो.

रेल्वेत कर्करोग रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-एसीमध्ये भाडं माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. शस्त्रक्रियेनंतर परतताना विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसमध्ये लोअर बर्थच मागा. पाय स्थिर झाला की अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो.

तपासणी पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. प्रत्येक वेळी कमरेचा एक्स-रे आणि छातीची तपासणी, कारण हाडाचा कर्करोग परत आला तर बहुधा फुप्फुसात आधी दिसतो, आणि तिथली एखाद-दुसरी गाठ वेळेत सापडली तर काढता येते. टायटॅनियम असूनही एमआरआय करता येतो. धातूच्या जवळचं चित्र थोडं पुसट येतं एवढंच. डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचं स्टिकर आणि आराखड्याची फाइल मागून घ्या आणि पहिल्या एमआरआयच्या सीडीबरोबर एकाच पिशवीत ठेवा. दहा वर्षांनी एखादा स्क्रू तुटला आणि दुसऱ्या शहरात दाखवावं लागलं, तर समोरच्या सर्जनला आत नेमकं काय बसवलं आहे हे त्यावरूनच कळेल.